चंद्रावरची उधळपट्टी

चांद्रयान-३ वर सरकारने सुमारे ६१५ कोटी रुपये उधळले, ही टीका आम्हांस मनोमन पटते. १४ जुलै २०२३ ला उडालेले यान २३ ऑगस्टला चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलेसुद्धा! ना फेरनिविदा, ना मुदतवाढ. ४० दिवसांत काम उरकून टाकणे हा सार्वजनिक पैशाचा शुद्ध अपव्यय होय. याउलट मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण पाहा. २०११ पासून किती मंत्र्यांना नवी तारीख जाहीर करण्याचे समाधान त्याने मिळवून दिले! सबब, पुढील चांद्रमोहीम बांधकाम खात्याकडे सोपवावी. पैसा पृथ्वीवरच राहील. यान गणपतीपूर्वी पोहोचेल. कोणत्या वर्षीच्या, ते यथावकाश कळवण्यात येईल. टोलनाका मात्र आजपासूनच सुरू करावा.