कॉर्डशास्त्री

गच्चीवरच्या मैफलीत गिटार वाजवणारा एक, गाणारे चार आणि भेळ खाणारे बाकीचे असतात. यांतल्या कुठल्याच गटात न बसणारा, विरलेल्या काळ्या टी-शर्टातला जो गृहस्थ कठड्याला टेकून, डोळे मिटून मान हलवत असतो, तो कॉर्डशास्त्री. तो दाद देतोय असा नवख्यांचा समज होतो. तो मोजत असतो.

कुणीतरी लिनर्ड स्किनर्डचं ‘स्वीट होम अलाबामा’ छेडतं. १९७४चं गाणं. मुख्य कॉर्ड तीनच : डी, सी, जी. लोक टाळ्यांचा ठेका धरतात आणि कॉर्डशास्त्री हात वर करतो. “एक मिनिट. याचा सा कुठला?”

आपल्याकडे हा प्रश्न तानपुरा जुळवतानाच मिटतो. रॉकवाल्यांनी तो शिल्लक ठेवला आणि त्यावर कॉर्डशास्त्र्यांच्या दोन पिढ्या पोसल्या.

हा प्राणी एकटा कधी सापडत नाही. कठड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा असतोच. पहिला म्हणतो, “ओळ डीवर उठते, सम तिथे, म्हणून सा डी. सीमुळे कोमल निषाद लागतो, की झालं मिक्सोलिडियन. आपला खमाज थाट हो!” दुसरा कपाळाला हात लावतो. “डी दोन मात्रा, सी दोन मात्रा आणि जी पूर्ण चार! मुक्काम जिथे, सा तिथे. सरळ सरळ बिलावल.” गंमत म्हणजे सातही स्वर दोघांचे तेच. आमदार तेवढेच, वाद फक्त मुख्यमंत्री कोण एवढाच.

मग आकडे सुरू होतात. एकाचं “पाच-चार-एक”, दुसऱ्याचं “एक-सात-चार”. जिन्यातून वर येणाऱ्या वहिनी विचारतात, “ओटीपी कुणाचा आलाय?”

साक्षीदार काढावेत तर तेही फुटलेले. सोलो वाजवणारा एड किंग जीच्या बाजूचा, निर्माता अल कूपर डीच्या. मुळात बँड फ्लोरिडाचा, रेकॉर्डिंग जॉर्जियात आणि गोडवे अलाबामाचे. ज्या गाण्याचं बिऱ्हाडच तीन राज्यांत, त्याच्या ‘सा’चा पत्ता एक कसा असणार?

कॉर्डशास्त्र्याला लोक रसभंग करणारा म्हणतात. ते अर्धंच खरं. त्याच्या सांगण्यावरून तेच गाणं दोनदा ऐकून पाहावं. जीला सा मानलं, तर प्रत्येक ओळ घरी येऊन टेकते. डीला मानलं, तर प्रत्येक ओळ घरातून निघते आणि परतायचं काही नाव घेत नाही. एका रेकॉर्डच्या पैशात दोन गाणी मिळवून देणारा माणूस मित्रमंडळात असावा. फक्त त्याला गिटारजवळ बसवू नये.

भेळ संपते, निम्मे लोक घरी जातात, तरी निकाल लागत नाही. शेवटी दोघेही गिटारवाल्या पोराला पंच नेमतात. “तूच सांग, आत्ता वाजवलंस त्यात तुला सा कुठे वाटला? डी की जी?”

पोरगं चाचरतं. “काका, माझ्या आवाजाला जमेना म्हणून मी दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून पट्टी चढवली होती. दोन्ही नव्हते.”

क्षणभर दोघे एकमेकांकडे बघतात. मग पहिला बाही सरसावतो.

“म्हणजे प्रश्न असा आहे, ई की ए?”