पातळपणाचा विजय

लॅपटॉप पातळ करणाऱ्या अभियंत्यांचे नागपूरच्या जरीपटका भागातील रहिवाशांच्या वतीने जाहीर अभिनंदन! २००८ साली स्टीव्ह जॉब्सनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर काढला आणि हवा खेळायला जागा लागते ही जुनाट समजूत निकालात निघाली. २०२० मध्ये त्याच एअरमधून पंखाही गेला, म्हणजे आवाजाची तक्रार मुळासकट मिटली. आता तापला की तो आपणहून मंदावतो. मे महिन्यात दुपारी जरीपटक्याचा बाजारही मंदावतो, पण त्याला कुणी प्रगत तंत्रज्ञान म्हणत नाही.

माहितीपत्रकानुसार हे यंत्र ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावे. नागपूरचा मे ४५ गाठतो. दोष अर्थातच नागपूरचा. तेव्हा वाळ्याचा कूलर लॅपटॉपच्या खोलीत लावावा आणि कुटुंबाने गच्चीवर बसावे. ज्यांच्या लॅपटॉपात अजून पंखा आहे, त्यांना कूलरच्या घरघरीत तो ऐकूही येणार नाही.

तरीही तक्रार उरलीच, तर सरकारी दाखला आहे. मे २०२४ मध्ये नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश नोंदवले, तेव्हा सेन्सर बिघडल्याचा खुलासा हवामान खात्याने केला. त्याच न्यायाने, लॅपटॉप तापत नसतो. ग्राहकाने मांडी तपासून घ्यावी.