मत नको, पैसे चालतील

एडिसन, न्यू जर्सी
१५ डिसेंबर २०२४

ती. बाबा आणि ती. सौ. आई,


निवडणूक होऊन महिना उलटला, पण तुमच्या जावयांचा फोन अजून शांत झालेला नाही. उन्हाळ्यात यांनी हौसेने एका उमेदवाराचा मग विकत घेतला. इथे प्रचाराचा मग घेतला की ती कायद्याने देणगीच धरतात, आणि देणगीदाराला मरेपर्यंत सोडत नाहीत. कधी खुद्द उमेदवार, कधी त्यांचं कुटुंब, एकेरीत हाक मारून विनवतात: 'सुधीर, आज रात्री बाराला मुदत संपतेय!' ती रोजच संपते.

गंमत म्हणजे आम्हाला इथे मत नाही. ग्रीनकार्डवाल्याला मतदान करता येत नाही, पैसे मात्र देता येतात. घ्यायला कुणाची ना नाही.

बाबा, तुम्ही मंडळाचे खजिनदार असताना वर्गणीदारांची यादी फळ्यावर लावायचात. इथे तो फळा सरकारी आहे. दोनशे डॉलरच्या वर दिले की नाव, गाव, व्यवसाय, नोकरीचं ठिकाण, सगळं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर. आई, तुझा तर दिवस जाईल त्यात! मी शेजाऱ्यांची नावं शोधली. पॉटलकला वेफर्सचं एक पाकीट घेऊन येणाऱ्या गृहस्थांनी पूर्ण ३,३०० डॉलर दिलेत. एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी २०२४ मध्ये तेवढीच मर्यादा होती. पक्षांतर्गत प्राथमिक फेरी वेगळी धरतात, म्हणजे तिथेही तेवढेच देता येतात.

ही मर्यादा आपल्यासारख्यांना. २०१० च्या न्यायालयीन निकालांनंतर 'सुपर पॅक' नावाच्या प्रचार-समित्या निघाल्या. त्यांत कितीही ओता, फक्त उमेदवाराशी संगनमत नको. यंदा इलॉन मस्कनी ट्रम्प यांच्या बाजूने पंचवीस कोटी डॉलरच्या वर खर्च केले. संगनमत नव्हतं, असं आपण समजायचं.

तरी पैशाने खुर्ची मिळतेच असं नाही. कमला हॅरिसबाईंनी तीन महिन्यांच्या आत शंभर कोटी डॉलरच्या वर जमवले आणि हरल्या. २०२० मध्ये अब्जाधीश ब्लूमबर्गनी स्वतःच्या खिशातले तेवढेच घातले. प्राथमिक फेरीत जिंकलं काय, तर अमेरिकन सामोआ. नकाशात शोधायला आमच्या चिनूला भिंग लागलं.

उमेदवारांना सरकारी पैसा मिळावा म्हणून आयकराच्या फॉर्मवर तीन डॉलरची चौकट असते. खूण केली तरी आपला कर वाढत नाही. पण तो पैसा घेतला की खर्चावर मर्यादा येते, म्हणून २००८ मध्ये ओबामांनी तो नाकारला आणि त्यानंतर मोठे उमेदवार त्या वाटेला फिरकेनासे झाले. मी खूण करते. फुकटचं पुण्य.

बाबा, जूनमध्ये तुम्ही येणार ते व्हिजिटर व्हिसावर. परदेशी पाहुण्याने इथल्या उमेदवाराला एक डॉलर देणंही बेकायदा आहे. तेव्हा तो मग आवडला, तरी दुसरा मागवू नका. आणि यांचा फोन वाजला, तर कृपा करून उचलू नका.

तुमची,
मेघना