सेन्सर गेलाय!

आमच्या कप्तानांना तुम्ही ओळखता. तुमच्याकडे ते लिफ्ट अडकल्यावर किंवा गच्चीवरच्या टाकीपाशी भेटत असतील. आमच्याकडे अपोलो बंदरासमोर मुरिंगला बांधलेल्या शिडाच्या बोटीवर भेटतात. हयात बँकेत गेली, समुद्र निवृत्तीनंतर लाभला; पण पांढरी टोपी चढली की नौदलाने सल्ला विचारावा असा चेहरा होतो. डिझेल इंजिनाचा भोंगा वाजायचा अवकाश, मान न वळवता निदान तयार : "काही नाही, सेन्सर गेलाय."

मांडव्याला निघालो असताना तापमानाचा लाल दिवा लागला. मी म्हटलं, "कप्तान, एक्झॉस्टमधून पाणी पडत नाहीये." "सेन्सर." "वाफ येतेय." "मुंबईची हवाच दमट."

असलं इंजिन समुद्राचं पाणी ओढतं, त्यावर आतलं कूलंट थंड करतं आणि तेच पाणी एक्झॉस्टवाटे थुंकतं. थुंकी थांबली की कुठे पाहायचं हे बोटीवरच्या पोरसवदा खलाशालाही पाठ असतं : पाण्याचा वॉल्व्ह उघडा आहे का, तोंडाशी प्लास्टिकची पिशवी आहे का, गाळणी तुंबली का, पंपातल्या रबरी इम्पेलरची पाती शाबूत आहेत का. पाती तुटली असतील तर तुकडेही शोधायचे. ते पुढे हीट एक्स्चेंजरमध्ये जाऊन बसतात. कप्तान मात्र थेट वायरिंगपासून सुरुवात करतात आणि तिथेच मुक्काम ठोकतात.

चार्जिंगचा दिवा लागला आणि पाठोपाठ तापमानाचाही. पुष्कळ इंजिनांत अल्टरनेटर आणि कूलंटचा पंप एकाच पट्ट्यावर फिरतात, तेव्हा दोन दिवे जोडीने लागले की आधी पट्टा पाहायचा. कप्तानांचा निर्वाळा : "दोन्ही सेन्सर गेलेत. एकाच कंपनीचे ना!"

तेलाच्या दाबाचा भोंगा वाजला की इंजिन ताबडतोब बंद करून डिपस्टिक पाहायची असते. कप्तानांनी चावी फिरवून भोंगा बंद केला. डिझेलला ठिणगी लागत नाही. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच ते पेटतं. त्यामुळे आमचं जुनं इंजिन चावी काढली तरी धडधडत राहतं. त्याला थांबवायचं तर डिझेल तोडणारा दांडा ओढावा लागतो. दांडा मीच ओढला, पण चालू इंजिनाची चावी बंद केल्याने तोवर अल्टरनेटरचे डायोड जळाले होते. कप्तान म्हणाले, "सेन्सर गेला की असं होतं."

रुडॉल्फ डिझेल 1913 साली इंग्लंडला जाताना रात्री आगबोटीवरून नाहीसे झाले आणि काही दिवसांनी समुद्रात त्यांचं प्रेत सापडलं. कारण अजून नक्की ठरलेलं नाही. त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कप्तानांसारखा कोणी सहप्रवासी भेटला असावा, असा माझा दाट संशय आहे.

खरा घोटाळा वेगळाच आहे. खाऱ्या हवेने वायरच्या टोकांवर हिरवट गंज चढतो, जोड सैल होतात, दिवे खोटं बोलतात. फार पूर्वी एकदा खरोखरच सेन्सर गेला होता. माणूस एकदा बरोबर ठरला की जन्माचा वाया जातो.

तरी एक कबूल करायला हवं. एका संध्याकाळी जहाजांच्या वाटेवरच इंजिन बंद पडलं. बाकीचे सगळे एकदम बोलायला लागले. कप्तान काहीच बोलले नाहीत. मोठं शीड चढवलं, असलेल्या-नसलेल्या वाऱ्याला गोंजारत बोट आणली आणि पहिल्याच फेरीत मुरिंगचा बोया उचलून दाखवला. नंतर याच गृहस्थांनी अंधारात, त्या काळ्या पाण्यात उतरून बोटीखाली अडकलेली पिशवी स्वतः ओढून काढली. इंजिन काय सांगतंय हे त्यांना सगळं कळतं. ऐकून घ्यायचं मात्र नसतं.

हल्ली दोरीची गाठ त्यांना दोनदा मारावी लागते. रक्तदाबाच्या यंत्राने मोठा आकडा दाखवला, तेव्हा त्यांनी यंत्राचाच सेन्सर गेल्याचं ठरवलं. डॉक्टरकडे चला म्हटलं तर "काही नाही..." एवढंच म्हणाले आणि पुढचा शब्द गिळला. भोंगा खरा निघाला तर काय, ही धास्ती त्यांना आमच्यापेक्षा जास्त आहे. मागच्या मोसमाच्या शेवटी पॅनल उघडलं, तर भोंग्याच्या तोंडावर चिकटपट्टीचे तीन थर होते.

म्हणून एक सांगतो. इंजिन सुरू करण्याआधी चावी फिरवली की भोंगा वाजलाच पाहिजे. सुरू झाल्यावर तेलाचा दाब चढला की काही सेकंदांत तो आपोआप गप्प होतो. आधी वाजलाच नाही, तर मुरिंग सोडू नका. आणि बोटीवर कप्तान असतील तर सुकाणू खुशाल त्यांच्या हाती द्या, चावी मात्र आपल्या ताब्यात ठेवा.