एकोणपन्नास पैशांचं काय झालं?

अनुदानानं महागाई आटोक्यात येते का, यावर मोठमोठी माणसं बोलतात. आमचा प्रश्न लहान आहे. ते ४९ पैसे कुठं गेले?

फेब्रुवारी २०२३. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा आणला. भाव लागला किलोला रुपया. हमाली, तोलाई, गाडीभाडं कापून पट्टीवर उरले २ रुपये ४९ पैसे. चेक मिळाला दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा.

चेक देशभर गाजला, ४९ पैशांची मात्र कुणी विचारपूस केली नाही. चेकवर चिल्लर धरत नाहीत म्हणे. अहो, पण हाती आलेल्या रकमेचा जवळजवळ पाचवा हिस्सा म्हणजे चिल्लर? बरं, रोख द्यावेत तर पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी २०११ सालीच बाद झाली. आठ आणे कायद्यानं अजून चालतात. म्हणजे बळीराजाला कमी पडला फक्त एक पैसा! तेवढं अनुदान जागेवर दिलं असतं, तर गडी खणखणीत अधेली खिशात घालून घरी गेला असता. पण एक पैशाच्या अनुदानाला ना मंडप घालता येत, ना बॅनर लावता येतो.

म्हणून क्विंटलला ३५० रुपये जाहीर झाले. किलोला साडेतीन. कांदा गेला रुपयानं, त्यावरची दया साडेतीन रुपयांची! अट एवढीच, की फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या कांद्याची ई-पीक पाहणीत नोंद हवी. आता कांदा बाजारात जाऊन कुणाच्या तरी भज्यांत पडलेला, आणि उभ्या पिकाचा फोटो मोबाइलवर काढायचा! पुढं गावातल्या समितीनं लिहून दिलेलं चालेल असं ठरलं, तोवर चपला झिजल्या.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भाव जरा कुठं डोकं वर काढतोय, तोच निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं. शहरात २५ रुपयांचा सरकारी कांदा गाडीवर आला, त्यामागं वाहिन्यांचे कॅमेरे आले आणि ताईंना विचारू लागले, ‘बजेट कोलमडलं का हो?’ पहाटे सोलापूरच्या यार्डात पोत्यावर डोकं टेकून पडलेल्याला हा प्रश्न आजवर कुणी विचारलाय? पडला भाव की ह्याला अनुदान, चढला की त्यांना. मग महागाई आटोक्यात आणतं कोण? ह्याचा पाडलेला भाव. अनुदान नंतर येतं, सांत्वनाला. आणि वर आम्हीच फुकटे! दोन पैसे मिळायची वेळ आली की बंदर बंद करायचं, आणि माल सडला की मदतीचा अर्ज भरून घ्यायचा, ह्याला धोरण म्हणतात.

डिसेंबरात सरळ निर्यातबंदीच आली. मुदत ३१ मार्चची होती, ती आधीच बेमुदत वाढवली. उठली ४ मे २०२४ ला, तीही टनाला किमान ५५० डॉलर आणि वर ४० टक्के शुल्क ठेवून. सोलापूरचं मतदान ७ मे ला होतं. तीन दिवसांत कंटेनर भरत नाही, बोटाला शाई तेवढी लागते.