खातं गेलं की कंठ फुटतो

राज्यघटनेच्या कलम १६४ नुसार मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं. म्हणजे एकट्या कोणाची मानगूट धरायची सोय नाही, असा अर्थ आमच्या खान्देशात काढतात. अगदीच चुकीचा नाही भो.

मार्च २०१८ मध्ये मुक्ताईनगरचे नाथाभाऊ खडसे विधानसभेत उभे राहिले आणि त्यांनी मंत्रालयातल्या उंदरांचा हिशेब मागितला. सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारले! दिवसाला ४५,६२८, मिनिटाला ३१. कंपनीला मुदत होती सहा महिन्यांची. (मुदतीआधी उरकलेलं सरकारी काम पाहायचं भाग्य आपल्याला असं लाभलं.) सरकारकडून खुलासा आला, आकडा उंदरांचा नाही, विषाच्या गोळ्यांचा. उंदीर किती मेले, ते उंदरांनाच ठाऊक.

त्याच्या दोनच महिने आधी धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे एक वृद्ध शेतकरी त्याच मंत्रालयात विष प्याले आणि आठवड्याभरात गेले. सौर प्रकल्पात गेलेली पाच एकर जमीन, हाती सुमारे चार लाख, आणि वाढीव मोबदल्यासाठी चपला झिजवणं. जबाबदार कोण? सामूहिक. राजीनामा एकाही मंत्र्याचा पडला नाही.

आता गंमत बघा. उंदीर मोजणारे नाथाभाऊ विरोधी बाकांवर नव्हते, सत्ताधारी पक्षातच होते. फक्त महसूल खातं जून २०१६ मध्ये भोसरीच्या जमिनीच्या आरोपांवरून सुटलं होतं. आरोप त्यांनी फेटाळले. चौकशीला न्या. झोटिंग समिती बसली, २०१७ मध्ये अहवाल दिला, आणि २०२१ मध्ये तो अहवालच सापडत नसल्याची बातमी आली. मग म्हणे सापडला. उंदरांवर संशय नको, ते कागदोपत्री कधीच संपले होते.

जळगावच्या घरकुल घोटाळ्याचंही तेच. गुन्हा नोंदला २००६ ला, शिक्षा धुळ्याच्या विशेष न्यायालयात ऑगस्ट २०१९ ला. माजी मंत्री सुरेशदादा जैन यांना सात वर्षं, गुलाबराव देवकरांना पाच. अपिलं ही पुढची गोष्ट. यातले देवकर तर २०१२ मध्ये अटक झाली तेव्हा राज्यमंत्री होते. गुन्हा दाखल असताना मंत्रिपद मिळतं, ते मिळताना सभागृहाला ठसकाही लागत नाही.

तेव्हा मंडळी, आमदार लग्नात अक्षता टाकायला आले की भरीत वाढायच्या आधी एवढंच विचारा: भाऊ, तुमचंच सरकार असताना तुम्ही सभागृहात मंत्र्याला अडचणीचा प्रश्न कधी विचारला? तारीख सांगितली तर पुरीही वाढा.