ओळखीचं होऊन जाणं

हरणाची शिकार करायची तर आधी आपण माणूस नाही अशी त्याची समजूत घालावी लागते. बंदूक, नेम, दारूगोळा या सगळ्या नंतरच्या गोष्टी. ही समजूत घालणं किती अवघड आहे ते चितळाकडे नीट पाहिलं की कळतं. डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना, त्यामुळे मान न वळवता त्याला पाठीमागचंही बरंचसं दिसतं. दोन कान दोन दिशांना वेगवेगळ्या कामावर गेलेले असतात. नाकाबद्दल तर बोलूच नये. वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत असला, तर आज आपण कोणता साबण लावलाय याची बातमी आपल्या आधी पोचलेली असते. एवढा बंदोबस्त करून ते गवत खातं. म्हणजे खातं कमी, ऐकतं जास्त. एक घास घ्यायचा, मान वर करायची, जगाची चौकशी करायची, मग दुसरा घास. इतक्या धास्तीत जेवूनही अंगावर ती तकाकी कशी राहते, हे मला अजून उलगडलेलं नाही.

काळवीट त्याहून हळवं. शास्त्राच्या हिशेबात ते हरीण नव्हेच, कुरंग; त्याची शिंगं चितळासारखी गळून पुन्हा उगवत नाहीत. पण माळावरच्या माणसानं हा हिशेब कधी मानला नाही, आणि मीही मानणार नाही. सोलापूरजवळच्या नान्नजला किंवा कर्जतकडच्या रेहेकुरीला कळप उधळताना पाहावा. आधी एखादी मादी उभ्या उभ्या उंच उसळते, मग दुसरी, मग सगळा कळप हवेत. आपण नेमके कशाला भ्यालो हे त्यांतल्या निम्म्यांना तरी ठाऊक असतं की नाही, कोण जाणे. अशा जनावराच्या जवळ जायचं कसं, यावर माणसानं पिढ्यान्‌पिढ्या डोकं चालवलं आणि जे उत्तर काढलं ते मोठं गमतीचं आहे. लपायचं नाही, ओळखीचं होऊन जायचं. काही पारधी शिकवलेल्या गाईच्या आडून, तिच्या चरण्याच्या चालीनं पुढे सरकत. हरणाला गाय दिसे. तिला आज सहा पाय कसे, हे मोजण्याइतकं गणित त्याला येत नसे. संस्थानिकांनी हीच युक्ती थाटामाटात केली. कोल्हापूर दरबारचे शिकारी चित्ते तर प्रसिद्धच होते. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता बैलगाडीत बसवून माळावर न्यायचा. बैलगाडीला काळवीट बिचकत नसे, ती रोजच्या पाहण्यातली. गाडी कुरकुरत पुरेशी जवळ गेली की टोपी काढायची. जमिनीवरचं सगळ्यांत वेगवान जनावर शिकारीला येई ते सगळ्यांत सावकाश वाहनातून! पुढे चित्तेच सरले. भारतातून ते नामशेष झाल्याचं १९५२ साली जाहीर झालं, आणि २०२२ साली कुनोत आणले ते थेट आफ्रिकेतून, विमानात बसवून. काळवीट मात्र माळावर आहे तिथेच आहे, अजून मान वर करून चौकशी करत.

माझ्या आजोळी एक दूरचे मामा होते. त्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती आणि शिकाऱ्याला शोभेल अशी मिशीही होती. वाऱ्याची दिशा पाहायला शिकारी चिमूटभर माती उडवतात. मामा त्यासाठी तपकीर वापरायचे, कारण ती चिमटीत कायमच असायची. मग वारा जिथून यायचा तिथून यायचा, आणि माळावर अशी काही शिंक घुमायची की पलीकडच्या शिवारातली हरणंसुद्धा गाव सोडत. इकडे मामी सकाळीच खोबऱ्याचं वाटण करून ठेवायच्या. संध्याकाळी मामा रिकाम्या हातानं उंबऱ्यात आले की त्या काही न विचारता त्याच वाटणात अंडी सोडायच्या. जेवताना मामा हरणाचं वर्णन करत. पळता पळता ते थोड्या अंतरावर थांबतं आणि वळून बघतं, म्हणत. त्या वेळी त्याचा एक कान पुढे असतो, एक मागे, आणि नाकपुडी अशी थरथरते. शिकारी याच क्षणाची वाट बघत असतात, हे आम्हां पोरांनाही माहीत होतं. त्या क्षणी मामा काय करत होते, हे मात्र ताटावर कुणी विचारत नसे.

मला वाटतं, या बाबतीत मामा फार मोठ्या माणसांच्या पंगतीला होते. ‘शाकुंतला’च्या आरंभी दुष्यंत रथातून हरणामागे धावतो, धनुष्य सज्ज असतं, आणि हा गृहस्थ सारथ्याला हरणाच्या मानेचा बाक समजावून सांगत बसतो. इतकं बारीक बघणाऱ्याच्या हातून बाण कसा सुटायचा? तेवढ्यात तपस्वी आडवे येतात, हे आश्रमाचं हरीण आहे म्हणतात, आणि राजाची लाज राहते. आमच्या मामांसाठी ते काम १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं केलं. “आता कायदाच आडवा आला,” ते मोठ्या खेदानं सांगत, “नाहीतर...” हे ‘नाहीतर’ त्यांनी पुढे जन्मभर जपून वापरलं. थंडीच्या रात्री गच्चीवर ते आम्हांला मृग नक्षत्र दाखवत: हे चार पाय, हा पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि मागे तो लखलखणारा व्याध. एकदा ते बाणाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले, तेव्हा गोधड्या पसरता पसरता मामी म्हणाल्या, “अहो, बाण लागूनसुद्धा ते पळतंयच की. त्याला तरी कुठं मिळालं?”

अमेरिकेत हरणांची शिकार अजून रीतसर चालते आणि तिथल्या बऱ्याच राज्यांत शिकाऱ्याला भडक नारिंगी जाकीट घालावं लागतं. हरणाला तो नारिंगी आपल्यासारखा भडक दिसत नाही. तो असतो दुसऱ्या शिकाऱ्यासाठी, त्यानं झुडपात हललेल्या आपल्याला हरीण समजू नये म्हणून. म्हणजे रानात शिरल्यावर घाबरायचं काम शेवटी माणसालाही करावंच लागतं.

आपल्याकडे ताडोबात आता उलटा पोशाख दिसतो. माणसं पानापानांचे हिरवे कपडे घालून, गळ्यात हातभर लांबीची लेन्स अडकवून उघड्या जिप्सीत उभी राहतात आणि पेट्रोलच्या वासासकट चितळांच्या पुढ्यात जातात. चितळं ढिम्म हलत नाहीत. जिप्सी ही त्यांची नवी बैलगाडी. त्यातून कुणी एक पाय खाली टाकू दे, की तिचा माणूस होतो आणि कळप दिसेनासा होतो. पण पाय टाकण्याइतका रस असतो कुणाला? सगळे आलेले असतात वाघासाठी. चितळाकडे लक्ष जातं ते फक्त ते घाबरल्यावर. त्यानं टाहो फोडला की ‘कॉल आला, कॉल आला’ म्हणून गाड्या थबकतात, झाडावरच्या वानराची खोक ऐकू येते का म्हणून कान टवकारले जातात, आणि ज्या भित्रेपणापायी शिकाऱ्यांच्या पिढ्या हात चोळत परतल्या, तोच आता तिकीट काढून ऐकला जातो.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या जिप्सीपुढे एक मादी अशीच पाय आपटत ओरडू लागली. शेपूट उभी, नजर बांबूच्या बेटावर खिळलेली. आम्ही श्वास धरून उभे राहिलो. बराच वेळ गेला, बेट हललं नाही. मग गाईडनं चालकाला चालण्याची खूण केली. “चितळाचं काय जी, पान पडलं तरी बोंबलते. सांबर बोललं असतं तं थांबलो असतो.”

मागच्या बाकावरच्या पुण्याच्या काकूंना हे पटलं नाही. “अहो, पण एखाद्या वेळी पान नसेल तर?”

“तं आपण गाडीत आहो ना,” गाईड म्हणाला.